चोर सोडून संन्याशाला फाशी: क्वार्टरबॅक, डिफेन्स आणि ४४९ गुण

खारफुटी (धागाकर्ता)

२९ डिसेंबर २०१९, टँपाचं रेमंड जेम्स स्टेडियम. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला (एनएफएल) सीझनचा शेवटचा सामना, टँपा बे बकनीअर्स विरुद्ध अटलांटा फाल्कन्स. दोघंही प्लेऑफमधून केव्हाच बाद, म्हणून तिकिटं स्वस्त, म्हणून आम्ही चौघं गेलो. २२-२२ बरोबरी होऊन ओव्हरटाइम. चेंडू आमच्याकडे. पहिलाच स्नॅप (चेंडू मागे देऊन चाल सुरू करणं). आमचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन मधल्या पट्ट्यात पास फेकतो, अटलांटाचा डिऑन जोन्स तो वाटेतच झेलतो आणि २७ यार्ड पळत थेट एंड झोन (मैदानाच्या टोकाचा पट्टा) गाठतो, म्हणजे टचडाउन, ६ गुण. २८-२२, सामना खलास. माझा नाचो हातातच राहिला.

आता गंमत बघा. ओव्हरटाइममध्ये टँपाच्या डिफेन्सने मैदानात पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं, सगळे साइडलाइनला. तरी 'टँपाने दिलेले गुण' या रकान्यात ते ६ गुण चढलेच. त्या वर्षी १६ सामन्यांत या रकान्याची बेरीज झाली ४४९, म्हणजे ३२ संघांत २९वा नंबर. ऑफिसात, टीव्हीवर, न्हाव्याच्या खुर्चीत वर्षभर एकच रडगाणं ऐकलं: आपला डिफेन्स भिकार आहे.

या 'भिकार' डिफेन्सने धावत्या खेळात दिलेले यार्ड त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सगळ्यांत कमी होते. त्यातल्या शकील बॅरेटचे १९.५ सॅक (पास फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), तेही लीगमध्ये सर्वाधिक.

आणि विन्स्टन? ५,१०९ यार्ड, ३३ टचडाउन, ३० इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). टचडाउन आणि इंटरसेप्शन दोन्हींची तिशी एकाच सीझनमध्ये गाठणारा लीगच्या इतिहासातला पहिलाच गडी. वर सांगितलेला पास तो तिसावा. तिसापैकी ७ तर समोरच्यांनी झेलून परस्पर टचडाउनलाच नेले. (सीझन संपल्यावर त्याने डोळ्यांचं लेसर ऑपरेशन करून घेतलं. विनोद नाही, खरंच.)

पुढच्या वर्षी टॉम ब्रेडी आला. मुख्य कोच तेच ब्रूस एरियन्स, डिफेन्सचे मास्तर तेच टॉड बोल्स, डिफेन्सची पोरंही बहुतेक तीच. इंटरसेप्शन ३० वरून १२ वर आले. दिलेले गुण ४४९ वरून ३५५, नंबर २९ वरून ८. आणि ७ फेब्रुवारी २०२१ ला याच स्टेडियममध्ये सुपर बोल ५५ मध्ये (लीगची अंतिम लढत) पॅट्रिक महोम्सच्या कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करू दिला नाही. ३१-९.

म्हणून म्हणतो, डिफेन्सची निम्मी पत्रिका क्वार्टरबॅक मांडतो. कशी, ते जवळून बघायचं असेल तर पुढच्या वेळी कॅमेरा चेंडूवरून हलला की साइडलाइनकडे बघा. डिफेन्स नुकताच बाहेर आलेला असतो. सव्वाशे-दीडशे किलोची ती माणसं बाकावर बसतात, पाणी पितात, कोच टॅबलेटवर मागच्या ड्राइव्हचे (चेंडू एकदा हाती आल्यापासूनच्या सलग चालींचे) फोटो दाखवत असतो: हा बघ, इथे तू आत शिरलास, इथे भोक पडलं. सहाव्या-सातव्या फोटोवर असताना स्टेडियममधून तो 'ओऽऽह' असा आवाज येतो, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकने पुन्हा इंटरसेप्शन दिला. टॅबलेट खाली, हेल्मेट डोक्यात, पुन्हा मैदानात. आणि चेंडू कुठे? आपल्याच २० यार्डांच्या रेषेवर. आता समोरच्याला एक यार्डही पुढे सरकू दिलं नाही, तरी तो फील्ड गोल (खांबांमधून लाथेने चेंडू) मारून ३ गुण घेऊन जाणार. डिफेन्सने काम चोख केलं, वहीत मात्र ३ गुण दिल्याची नोंद.

बोला, कोणाकोणाला पटतंय?

सातारी_कंदी

लेख आवडला. पण हा फुटबॉल म्हणजे हाताने खेळतात तो ना? चेंडू अंड्यासारखा? मला टचडाउन सोडून बाकी सगळं डोक्यावरून गेलं.

खारफुटी

तोच. थोडक्यात सांगतो. संघाचे दोन वेगळे चमू असतात, चेंडू असेल तेव्हा ऑफेन्स, नसेल तेव्हा डिफेन्स. क्रिकेटसारखं तेच अकरा जण दोन्ही करत नाहीत. चार प्रयत्नांत १० यार्ड काढले की पुढचे चार मिळतात. नाही जमलं तर चौथ्या प्रयत्नाला बहुधा लाथेने चेंडू लांब भिरकावून देतात, तो पंट. क्वार्टरबॅक म्हणजे ऑफेन्सचा सूत्रधार, प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. त्याचा पास समोरच्या संघाने झेलला की इंटरसेप्शन.

सातारी_कंदी

अच्छा, म्हणजे आपल्याकडे बॅट्समननी ४० षटकांत गाशा गुंडाळला की बोलर बूट काढतो न काढतो तोच परत मैदानात, तसं. उलट २०१८-१९ ला ऑस्ट्रेलियात पुजाराने १,२५८ चेंडू खेळून काढले, तेव्हा बुमराह-शमीला निवांत झोप मिळाली असणार.

खारफुटी

अगदी. विन्स्टनला पुजारा शिकवायला हवा होता.

अर्धा_कप

उपमा गोड आहे, पण लंगडी. कसोटीत दमलेला बोलर रात्री झोपतो. असो.

मुद्द्यावर येतो. धागाकर्त्यांनी एक पत्ता टेबलाखाली लपवलाय. २०१९ ला टँपाची पास अडवणारी मागची फळी शाळकरी होती. जमेल डीन, शॉन मर्फी-बंटिंग दोघंही त्याच वर्षी आलेले, कार्लटन डेव्हिसचं दुसरं वर्ष. सुरुवातीला त्यांना सगळ्यांनी धुतलं, पण सीझनच्या उत्तरार्धात ती सुधारली, आणि तेव्हा क्वार्टरबॅक विन्स्टनच होता. २०२० ला त्यात अँटवान विन्फील्ड ज्युनिअरची भर पडली. पोरं मोठी झाली, चांगला सेफ्टी (सगळ्यांत मागचा रक्षक) मिळाला, गुण कमी झाले. ब्रेडीने काय त्यांना कव्हरेज (पास झेलणाऱ्यांवर पहारा) शिकवलं? सगळ्याचं श्रेय क्वार्टरबॅकला द्यायची अमेरिकन टीव्हीवाल्यांची खोड आपल्याला कशाला हवी?

खारफुटी

मुद्दा मान्य, अर्धा. पोरं सुधारली हे खरंच. पण सुधारत होती तेव्हाही पाठीवर विन्स्टनचं ओझं होतंच की.

मोजमाप

दोघंही थोडे बरोबर, थोडे चूक. मी इथे जरा काकूबाईपणा करते.

'गुण प्रति सामना' हे मापच फसवं आहे. त्यात इंटरसेप्शनवरचे टचडाउन, फंबलवरचे (हातून सुटलेल्या चेंडूवरचे) टचडाउन, पंट परत आणून केलेले टचडाउन सगळं येतं. डिफेन्स मोजायचा तर 'गुण प्रति ड्राइव्ह' बघा, आणि ड्राइव्ह कुठून सुरू झाली तेही बघा.

आता दुसरं. सगळे म्हणतात, क्वार्टरबॅकने चेंडू जास्त वेळ आपल्याकडे ठेवला की डिफेन्सला आराम. ऐकायला छान वाटतं. पण चेंडू आलटूनपालटून मिळतो. आपल्या ११ ड्राइव्ह तर त्यांच्याही १० ते १२. तुम्ही हळू खेळलात तर दोघांच्याही ड्राइव्ह कमी होतात. गुण कमी दिसतात ते डिफेन्स भारी झाला म्हणून नव्हे, सामनाच आखूड झाला म्हणून. कोच चिप केलीच्या फिलाडेल्फिया ईगल्सने उलटं केलं. चाळीस सेकंदांचं घड्याळ अर्धंही संपू न देता पुढचा स्नॅप. २०१३ ते २०१५ तिन्ही वर्षं चेंडू ताब्यात ठेवण्यात ते लीगमध्ये तळाला, आणि त्यांच्या डिफेन्सला सगळ्यांनी झोडपलं. झोडपणाऱ्यांनी ड्राइव्ह मात्र मोजल्या नाहीत.

तेव्हा घड्याळाचं पुराण जरा जपून सांगा. इंटरसेप्शनने मैदान छोटं होतं, हे मात्र शंभर टक्के खरं.

दुपारचा_चहा

+१ मोजमापताई. वाचतेय.

जर्सीचा_जावई

ताई, आकडे तुमचे बरोबर असतील, पण मी २७ जानेवारी १९९१ ची संध्याकाळ बघितली आहे. नवा नवा आलो होतो, न्यू जर्सीत एडिसनला एका खोलीत पाच जण, एक टीव्ही. सुपर बोल २५, आमचे जायंट्स विरुद्ध बफेलो. तोही टँपालाच होता, धागाकर्ते.

बफेलोचा क्वार्टरबॅक जिम केली म्हणजे वादळ. हडल (चालीआधीची गोल करून मसलत) नाही, श्वास नाही, चेंडू ठेवला की स्नॅप. आमचा खरा क्वार्टरबॅक फिल सिम्स डिसेंबरमध्ये जायबंदी झालेला, त्यामुळे बदली जेफ हॉस्टेटलर. कागदावर सामनाच नव्हता. कोच बिल पार्सेल्सनी ठरवलं, केलीला रोखायचा उत्तम उपाय म्हणजे त्याला बाकावर बसवून ठेवायचं.

पहिला हाफ संपता संपता आम्ही ८७ यार्डांची ड्राइव्ह करून टचडाउन केला, १२-१०. मग मध्यंतर. मध्यंतरानंतर चेंडू परत आमच्याकडेच. आणि मग जी ड्राइव्ह सुरू झाली ती ९ मिनिटं २९ सेकंद चालली. १४ चाली, ७५ यार्ड. मध्ये तिसऱ्या प्रयत्नाला १३ यार्ड हवे होते, मार्क इन्ग्रमने छोटासा पास घेतला आणि बफेलोच्या एकामागून एक माणसाच्या हातून निसटत, फिरत, धडपडत १४ यार्ड काढले. ताई, दमलेला डिफेन्स कसा दिसतो ते त्या एका चालीत बघा. हात पोचतायत, पण धरवत नाही. शेवटी आमच्याकडे चेंडू ४० मिनिटं ३३ सेकंद, त्यांच्याकडे १९ मिनिटं २७ सेकंद. २०-१९ ने जिंकलो. शेवटी त्यांच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली, आणि आमच्या खोलीत खाली पडलेला चिवडा दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडत होता.

केली महान क्वार्टरबॅक होता, वाद नाही. पण त्याच्या वेगाची किंमत त्या दिवशी त्याच्या डिफेन्सने भरली.

मोजमाप

काका, तुमची पोस्ट वाचून मजा आली. पण माझाच मुद्दा सिद्ध केलात! ड्राइव्ह कमी झाल्या म्हणून केलीला संधी कमी मिळाली. दमण्याचं म्हणाल तर, एका सामन्यापुरतं मान्य. त्या इन्ग्रमच्या चालीला माझ्याकडे उत्तर नाही.

पीचट्री

मी अटलांटाची. हा धागा उघडायलाच नको होता. पण उघडलाच आहे तर मीठही माझंच आणि जखमही माझीच.

५ फेब्रुवारी २०१७, सुपर बोल ५१, न्यू इंग्लंड. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २८-३ ने पुढे. ओव्हरटाइममध्ये ३४-२८ ने हरलो. सगळे म्हणतात डिफेन्स झोपला. अहो, तो झोपला नाही, मेला. न्यू इंग्लंडच्या ऑफेन्सने त्या दिवशी ९३ चाली केल्या. आमच्या ऑफेन्सने ४६. दुप्पट!

आणि यातली क्रूर गोष्ट कोणी सांगत नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या रॉबर्ट अल्फर्डने ब्रेडीचा (तेव्हा तो न्यू इंग्लंडचा) पास झेलून ८२ यार्ड पळत टचडाउन केला. आम्ही घरात नाचलो. पण डिफेन्सने टचडाउन केला की पुढे काय होतं? किकऑफ. म्हणजे चेंडू परत त्यांच्याकडे, म्हणजे तोच डिफेन्स परत मैदानात. आमचा ऑफेन्स पटकन गुण करायचा, तेव्हाही डिफेन्स लगेच आत. फटाफट खेळायच्या शैलीचं हे बिल शेवटच्या पंधरा मिनिटांत आलं.

आमचा क्वार्टरबॅक मॅट रायन त्या सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). त्याला दोष देववत नाही. पण २८-२० असताना, पावणेपाच मिनिटंही उरलेली नसताना, चेंडू त्यांच्या २२-२३ यार्डांवर होता. तीनदा चेंडू पोटाशी धरून पडले असते आणि किक मारली असती तरी ११ गुणांची आघाडी झाली असती. पास करायला गेले, १२ यार्डांचा सॅक बसला, मग होल्डिंगची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी, मग पंट. डिफेन्स परत आत. पुढचं मला लिहायचं नाही.

अर्धा_कप

इथे दोष रायनचा की चाली ठरवणाऱ्या काईल शॅनहनचा?

पीचट्री

आमच्या घरी या विषयावर बोलायला बंदी आहे.

सातारी_कंदी

ताई, त्या दिवशी इथे सोमवार सकाळ होती. होस्टेलवर एकजण पहाटे पाचपासून लॅपटॉपला चिकटला होता, २८-३ झाल्यावर म्हणाला, झालं, चला नाश्त्याला. आम्ही सगळे त्याच्यामागे गेलो. त्याला आजही कोणी विसरू देत नाही.

इंडी_कर

सगळे बोलतायत क्वार्टरबॅक डिफेन्सला कसं बुडवतो त्यावर. उलटी बाजू बघा. डिफेन्स मुळात कसा बांधायचा हेच क्वार्टरबॅक ठरवतो.

आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्सकडे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता. तो गुण करणार आणि आपण बहुतेक वेळ पुढे असणार, हे गृहीत धरून संघ रचलेला. समोरचा मागे पडला की त्याला पास करावेच लागतात. मग डिफेन्समध्ये अवजड पहाड कशाला? त्याऐवजी ड्वाइट फ्रीनी आणि रॉबर्ट मॅथिस, आपल्या जागेच्या मानाने हलके, पण स्नॅप होताच दोन कडांनी बाण सुटल्यासारखे. पुढे असताना या दोघांना फक्त एकच काम, क्वार्टरबॅक गाठा.

याची दुसरी बाजू अशी की कोणी सरळ अंगावर धावून आलं तर आमची भिंत कागदाची. २००६ ला सामन्यामागे १७३ यार्ड धावेवर दिले, लीगमध्ये शेवटचा नंबर. प्लेऑफला आमचा सेफ्टी बॉब सँडर्स दुखापतीतून परत आला, भोक बुजलं आणि शिकागोला २९-१७ ने हरवून सुपर बोल जिंकलो.

मग २०११. मॅनिंग मानेच्या दुखण्याने अख्खा सीझन बाहेर. आदल्या वर्षी १०-६ (१० जिंकले, ६ हरले) असलेला संघ २-१४. फ्रीनी तोच, मॅथिस तोच. पण आता आम्ही मागे, समोरचा निवांत धावतोय, आणि आमचे बाण भात्यातच. तुमचं विन्स्टन-ब्रेडी प्रकरण मला या प्रकरणापुढे किरकोळ वाटतं.

खारफुटी

वा! हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मूळ धाग्यात मी फक्त चुकांवर बोललो, आघाडीचा मुद्दा सुटलाच. आता सुपर बोल ५५ पण वेगळा दिसतो. मध्यंतराला आम्ही २१-६ पुढे. टॉड बोल्स म्हणजे ब्लिट्झचा (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडण्याचा) वेडा माणूस, पण त्या दिवशी जवळजवळ चार जणांनीच महोम्सचा पाठलाग केला आणि बाकी सगळे मागे पसरून उभे राहिले. मागे पडलेल्या संघाला लांबचे पास हवे असतात, आणि लांब सगळीकडे आमची माणसं. (त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे, दुखापतीमुळे नव्हते हेही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर अर्धा_कप येतीलच.)

अर्धा_कप

आलोच होतो.

दुपारचा_चहा

पळणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल कोणीच लिहिलं नाही? लमार जॅक्सन? मी बॉल्टिमोरला असते. २०१९ ला तो स्वतः १,२०६ यार्ड धावला, क्वार्टरबॅकसाठी विक्रम. संघाचे ३,२९६, तोही विक्रम. धाव घेतली आणि मैदानातच पडलं की घड्याळ चालू राहतं, पास खाली पडला की थांबतं. एवढ्या एका नियमावर आमच्या डिफेन्सने त्या वर्षी सुखात दिवस काढले. १४-२.

आणि मग जानेवारीत टेनेसी. सुरुवातीलाच इंटरसेप्शन, मग चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा असताना अडकलो, आणि लगेच त्यांचा ४५ यार्डांचा टचडाउन. मागे पडलो तसं पळणं सुटलं, लमारने ५९ पास फेकले. घड्याळाचा सगळा फायदा गेला. तिकडे डेरिक हेन्री आमच्या डिफेन्सवरून १९५ यार्ड धावला. २८-१२. त्यांच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात पासवर फक्त ८८ यार्ड काढले. आम्हाला हरवायला तेवढे पुरले.

मोजमाप

छान उदाहरण. शैली एकच, पण आघाडीवर असताना डिफेन्सची ढाल आणि पिछाडीवर असताना ओझं.

खारफुटी, तुमच्या मूळ आकड्यांचं काय करायचं? ४४९ आणि ३५५, फरक ९४. विन्स्टनचे ७ थेट टचडाउन म्हणजे ४२ गुण (वरच्या एकेक जादा गुणाचं सोडून देऊ). ते वजा करा, ४०७.

खारफुटी

म्हणजे जवळजवळ निम्मा फरक तिथेच गेला! बघा, म्हटलं नव्हतं?

मोजमाप

थांबा, उड्या मारू नका. ब्रेडीचेही वजा करा. सीझनच्या सलामीलाच सेंट्सच्या जेनोरिस जेन्किन्सने त्याचा पास ३६ यार्ड परत नेला होता, आणि चार्जर्सविरुद्ध मायकल डेव्हिसने. या दोघांचे १२ काढले की ३५५ चे ३४३. फरक उरला ६४. त्यात मैदान छोटं झाल्याचे काही, अर्धा_कपच्या मोठ्या झालेल्या पोरांचे काही. कोणाचे किती, ते एकेक ड्राइव्ह लावून बसल्याशिवाय कळणार नाही.

आणि एक. सगळे इंटरसेप्शन सारखे नसतात. तिसऱ्या प्रयत्नाला १५ यार्ड हवेत, ४५ यार्ड लांब फेकला आणि तिथेच झेलला गेला, तर तो पंटच मारला समजा. डिफेन्सचं काही बिघडत नाही. विन्स्टनचे असे किती होते?

खारफुटी

काही होते. त्याला लांबचं बरं दिसायचं, जवळचंच दिसायचं नाही.

जर्सीचा_जावई

अरे, त्या विन्स्टनची जर्सी घेतली होतीस ना तू? मागे फोटो टाकला होतास.

खारफुटी

घेतली होती काका. ३ नंबर, लाल. बायको दर दिवाळीच्या सफाईला गॅरेजच्या फडक्यांत टाकते आणि मी परत कपाटात ठेवतो. ३३ टचडाउन पण त्यानेच फेकले होते.